तिरक्या बोटांची मिरची

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

साडेतीन महिने या वहीला हात लावला नाही. माफी मागायची तर कागदाचीच. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. लिहिलं तर खरं लिहावं लागेल, म्हणून टाळलं.

खरं असं : कलाबाईंच्या वाफ्यातली मिरचीची बत्तीसच्या बत्तीस झाडं आजारी आहेत. पानं चितकबरी – शिरांच्या कडेने गडद हिरवं, मध्ये पिवळट. ऑगस्टअखेर तीन होती. गणपतीत अकरा. दसऱ्याला सगळी. दर वेळी मी मोजून यायचे आणि वही न उघडता झोपायचे.

पहिल्यापासून मांडून ठेवते. नाहीतर पुढे मला सोयीचं तेवढंच आठवेल.

कलाबाई आमच्या मागच्या गल्लीतल्या. घरामागेच भाजीपाल्याचा मळा. जानेफळच्या बाजारात त्यांची मिरची लोक विचारत येतात – बारीक, लांब, जिभेला चटका देणारी. बी घरचं, सासूपासून चालत आलेलं, राखेत घालून मडक्यात ठेवलेलं. पण सहा-सात वर्षं झाली, तिच्यावर हा व्हायरस येतो. मावा एका झाडावरून उठून दुसऱ्यावर बसतो आणि रोग पोचवतो. दर वर्षी तोडा कमी. त्यांचा मुलगा दयाराम म्हणतो, पाकिटाचं बी आणू. कलाबाई म्हणतात, "मी हाय तवरक हेच."

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांच्या बांधावर आपोआप उगवलेलं एक मिरचीचं झाड मला दिसलं. भोवती सगळं चितकबरं आणि मधोमध ते एकटं स्वच्छ हिरवं. मी कितीतरी वेळ त्याच्यासमोर उकिडवी बसून होते. फळ मात्र जाड सालीचं, बेचव. कलाबाईंनी चावून पाहिलं आणि थुंकल्या. "हे मिरची होय का काकडी?"

मग मीच सुचवलं – या झाडाचा निरोगीपणा आणि तुमच्या मिरचीचा तिखटपणा एकत्र आणू. कळ्या चिमट्याने उघडून पुंकेसर काढले, घरच्या मिरचीचे पराग लावले. कलाबाईंनी एकेका कळीला हळदीत बुडवलेला दोरा बांधला. "लागलं लगन," म्हणाल्या. "आता सुनेले तिखट बोलाले शिकवा लागन."

चार फळं धरली. त्यांच्या बियांची ही बत्तीस झाडं. ही आजारी पडणार नाहीत असा शब्द मी दिला होता. त्यांनी विहिरीजवळचा सर्वांत चांगला वाफा दिला.

हिरवं झाड मे महिन्यात वाळून गेलं.


मंगळवार, १२ नोव्हेंबर

आणखी एक लिहायचं राहिलं. त्या हिरव्या झाडाला दोरा न बांधलेली फळंही भरपूर लागली होती. तिखट नव्हती म्हणून आम्ही त्यांची भजी केली. मी चार खाल्ली. बियाण्यासाठी एकसुद्धा वाळवून ठेवली नाही.


रविवार, १७ नोव्हेंबर

दयारामशी बोलले. म्हटलं, झाडं उपटून जाळून टाकू. रोगाचं घर ठेवायला नको – शेजारच्या वांग्यांवरही मावा बसतोच आहे.

त्याचं म्हणणं वेगळं होतं. "वहिनी, बाजारात पानं पाहून मिरची नाई घेत कोनी. फळ हाय तवरक राहू द्या ना."

मी ऐकलं नाही. चूक माझी, तर ती मीच पुसायला हवी असं वाटत होतं. माझ्या नजरेसमोरून ती झाडं जावीत, असंही वाटत होतं का? होतं. तेही लिहून ठेवते.

"आतापरेंत तुमचंच आयकलं मॅडम. हे बी आयकतो." चिडला की तो मला वहिनी म्हणत नाही.


शनिवार, २३ नोव्हेंबर

आज बत्तीस झाडं उपटली. प्रत्येकाला लाल मिरच्या होत्या, लहान, वाकड्या. दयारामने बांधाजवळ ढीग केला आणि पेटवला. धुराने सगळ्यांचे घसे धरले. तो खोकत खोकत म्हणाला, "एवढं तिखट तर आलंच होतं म्हना."

मला हसू आलं नाही. ओट्यावर जाऊन बसले. कलाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "काऊन व, तोंड एवढंसं काऊन झालं? कालपासून जेवली नाईस ना?"

"जेवले मावशी."

"खोटं. तुले नजर लागली. एवढं हिरवं झाड तूच पाह्यलं, साऱ्या गावाले सांगितलं – लागनच."

त्यांनी पेटत्या ढिगाच्या कडेच्या पाच लाल मिरच्या उचलल्या. मीठ, मोहरी. माझ्यावरून उतरवल्या, पुटपुटल्या. मग सगळं निळ्या पोलक्याच्या चिंधीत बांधून माझ्या हातात दिलं. "चूल थंडी हाय. गॅसवर दिष्ट नाई जाळत. उकिरड्यावर टाकून ये. अन् मांगं पाहू नोको."

मी जीवशास्त्र शिकवते. वर्गात नजर लागणं, दृष्ट काढणं यावर दर वर्षी एक तास बोलते. आज पदर सावरून गुपचूप बसले, गेले, टाकलं आणि मागं पाहिलं नाही. हे प्रेमापोटी केलं की भित्रेपणाने? त्यांचा हात डोक्यावरून फिरत होता तेव्हा बरं वाटलं, एवढं नक्की.


रविवार, १ डिसेंबर

विहिरीजवळच्या वाफ्यात मेथी टाकली आहे. तिकडून जायचं टाळते.


गुरुवार, १२ डिसेंबर

मेहकरहून साडेचारची बस. खिडकीशी जागा मिळाली. कॉलेज सुटलं की अंगातला कणा कोणी काढून घेतल्यासारखं होतं. डोळा लागतो, पण पूर्ण नाही. आत कुठेतरी बस चालूच असते आणि तुरीची शेतं पापणीतून पिवळी पिवळी जात राहतात.

आज त्या अर्धवट झोपेत ते हिरवं झाड बसमध्ये बसलं होतं. पुढच्या सीटवर. तिकीट काढलं नव्हतं. मी त्याला विचारणार होते – तुझ्यात असं काय होतं? तेवढ्यात फाटा आला.


रविवार, ५ जानेवारी २०२५

काजलचा फोन. बारावीला माझ्या वर्गात होती, संग्रामपूरची. आता पुण्यात विषाणूंवर पीएच.डी. करते. तिला सगळं सांगितलं, भज्यांसकट.

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही झाडात काय आहे ते शोधताय. काय नाही ते शोधून बघा ना." आणि एक लेख पाठवला. विषय : विषाणूच्या संसर्गात पेशीतल्या, आरएनए धरणाऱ्या प्रथिनांचा सहभाग.

सत्तेचाळीस पानं, मोबाइलवर. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक.


बुधवार, ८ जानेवारी

रोज बसमध्ये चार-पाच पानं. निम्मं कळतं. जे कळलं ते माझ्या भाषेत :

असा विषाणू म्हणजे जवळजवळ नुसती एक चिठ्ठी. आरएनएची. त्याच्याकडे हात नाहीत, पाय नाहीत, चूल नाही. पेशीत आल्यावर त्याला सगळं घरातल्या माणसांकडूनच करून घ्यावं लागतं. पेशीत चिठ्ठ्या धरणारी प्रथिनं शेकड्यांनी असतात – कोणी चिठ्ठी उचलतं, कोणी पोचवतं, कोणी जपतं, कोणी फाडतं. विषाणू आला की यातली काही त्याची चिठ्ठी पकडून गाठोड्यात डांबून ठेवतात. काही मात्र त्याचीही चिठ्ठी तितक्याच मनापासून पोचवतात. वैर नाही, फितुरी नाही. धरणं हेच त्यांचं काम.

हे वाचून मन कुठेतरी लांब गेलं. घर धुळीला मिळतं ते शत्रूमुळे नाही, कोणाच्या तरी चांगल्या सवयीमुळे!


शनिवार, ११ जानेवारी

आज बसमधल्या झोपेत पेशी पाहिली. इतकी स्पष्ट, की उतरल्यावर पाय जमिनीला लागायला वेळ लागला. विसरण्याआधी लिहिते.

मांडव होता. हिरवा उजेड – पानातून येतो तसा. आत आचारी ओळीने बसलेले, समोर येईल ती चिठ्ठी वाचून तो पदार्थ करणारे. आपल्या घरच्या चिठ्ठ्या डोक्यावर टोपी घालून येत होत्या. दारात एक म्हातारा. नजर अधू. तो टोपी बोटांनी चाचपायचा, "या" म्हणायचा आणि हाताला धरून आचाऱ्यापर्यंत न्यायचा. किती हळुवारपणे! मग एक परका आला. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती, नुसती फडक्याची गाठ होती. म्हाताऱ्याने गाठ चाचपली. "या" म्हणाला. नेऊन बसवलं. आणि आचारी त्याचाच स्वयंपाक करत सुटले, कोठीघर रिकामं होईपर्यंत. म्हातारा दारात तसाच उभा होता. त्याला काही कळलं नव्हतं.

नंतर दुसरा मांडव. तसाच, पण तिथल्या म्हाताऱ्याची बोटं जन्मापासून थोडी तिरकी. टोपी त्या बोटांत बसत होती. गाठ मात्र निसटत होती. परक्याने पुन्हा पुन्हा डोकं पुढे केलं. मग तो पायरीवर बसला आणि उन्हात वाळत गेला. मला त्याची दया आली.

लेखातल्या अकराव्या पानावर हेच आहे – मांडव नाही, बाकी सगळं. काही मिरच्यांमध्ये, टोमॅटोमध्ये हे टोपी धरणारं प्रथिन जरासं वेगळं असतं आणि म्हणून अशा विषाणूचं त्यांच्यात काही चालत नाही.

म्हणजे ते हिरवं झाड बलवान नव्हतं. त्याच्यात फक्त एक उणीव होती. तिरकी बोटं.

हा पुरावा नाही. स्वप्न आहे, आणि लेखात माझ्या मिरचीचं नाव नाही.


रविवार, १२ जानेवारी

सकाळी भांडी घासताना लक्षात आलं.

संकराच्या झाडाला दोन म्हातारे मिळतात. एक हिरव्या झाडाकडून आलेला, तिरक्या बोटांचा. दुसरा कलाबाईंच्या मिरचीकडून, सरळ बोटांचा. परक्याला आत यायला एक सरळ बोटांचा पुरतो.

म्हणजे पहिल्या पिढीतली बत्तीसच्या बत्तीस आजारी पडणारच होती. तेच बरोबर होतं. तिरकी बोटं त्यांच्यात होती – झाकलेली. त्यांचं बी धरून पुन्हा पेरलं असतं तर पुढच्या पिढीत चारांतलं एक झाड हिरवं निघालं असतं.

एकास तीन! वाटाण्याचा तो प्रयोग मी अठरा वर्षं फळ्यावर काढते. पोरांना म्हणते, पहिली पिढी पाहून निकाल देऊ नका. पेपरात हा प्रश्न पाच मार्कांना असतो.

आणि मी बत्तीस झाडं जाळायला लावली. का सुचलं नाही? कारण निरोगी असणं म्हणजे जास्तीचं काहीतरी असणं, हे मी धरूनच चालले होते. ते पहिल्याच पिढीत दिसलं पाहिजे, नाहीतर नाहीच. तपासलंसुद्धा नाही. आणि लाज वाटत होती. घाई लाजेने केली.


शुक्रवार, १७ जानेवारी

कलाबाईंना सांगायचं की नाही? त्यांना वाटतंय, मॅडमचा प्रयोग फसला, संपलं. सांगितलं तर कळेल की फसला नव्हता, मी जाळला. न सांगण्याने त्यांचं काही बिघडत नाही. फक्त माझं झाकलं जातं.

म्हणजे सांगायलाच हवं.


रविवार, १९ जानेवारी

सांगितलं. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या. दोन म्हातारे, सरळ बोटं, तिरकी बोटं – सगळं सांगितलं. मला वाटलं कळणार नाही.

जुडी बांधता बांधता म्हणाल्या, "माह्या सासूचे डोळे घारे होते. दयारामचे हाय का? नाई. त्याच्या पोरीचे पाह्य. मधात लपून बसते अन् मंग निंघते. तसंच ना?"

"तसंच."

"मंग तुले हे ठाव नवतं?"

"ठाऊक होतं मावशी. शिकवते मी हेच."

"मंग?"

त्यांनी तीन जुड्या बांधल्या. मग म्हणाल्या, "दयाराम मनत होता, राहू द्या. तूच मनली जाळ."

"हो."

"हाव." मेथीच्या काड्या झटकून उठल्या. "चहा घेशीन?"

चहा घेतला. साखर जास्त पडली होती. निघताना दयाराम गोठ्यातून म्हणाला, "यंदा पाकिटाचं बी सांगितलं हाय. मायनं बी हो म्हटलं." कलाबाईंनी मान वर केली नाही.

मडक्यातलं बी आहे अजून. पण ते सगळं सरळ बोटांचं. तिरकी बोटं त्या बत्तिसांतच होती.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

बारावीचे पेपर सुरू. उभं राहून पाय सुजलेत.


शनिवार, १ मार्च

काजलला लिहिलं, आता काही उरलं नाही. तिचं उत्तर : "मॅडम, बांधावरचं ते झाड कुठून तरी आलंच होतं ना. परत येईल." तरुण माणसांना "परत" हा शब्द किती सहज सापडतो.

बसमध्ये झोप लागते, पण मांडव दिसत नाही. नुसता हिरवा उजेड येतो आणि दारात कोणी नसतं.


शनिवार, २२ मार्च

बाजारात दयाराम भेटला. शुक्रवारी ट्रॅक्टर-ट्रॉली येणार आहे, उकिरड्यातलं खत शेतात टाकायला. मिरचीच्या जागेत या वेळी चांगल्या दोन ट्रॉल्या टाकणार म्हणाला. पाकिटाच्या बियाला खत जास्त लागतं. "तुमच्या काही झाडाबिडांचं असन तर आधीच सांगा बरं," म्हणाला आणि हसला. जानेवारीपासून पहिल्यांदाच हसला. त्या हसण्याला काटा होता, तरी आवडलं.

मडकं कलाबाईंनी माळ्यावर ठेवलंय म्हणे.


बुधवार, २६ मार्च

दुपारी कलाबाई स्वतः दारात. चप्पल न घालता, या उन्हात. "चाल. तुही दिष्ट उगवली."

उकिरड्याच्या ज्या कोपऱ्याला मोरीचं पाणी मुरतं, तिथे मिरचीची रोपं. एकाच जागी दाटीने, वीतभर वाढलेली. बोटाने खत बाजूला केलं तर मुळांत निळ्या पोलक्याची चिंधी. मी तेव्हा मागं पाहिलं नव्हतं.

एकोणीस रोपं. तीनदा मोजली. मावा सगळ्यांवर चढलेला. चौदा चितकबरी. एकाबद्दल शंका होती, ते चितकबऱ्यांत धरलं. पाच स्वच्छ हिरवी.

पाच हा पुरावा नव्हे. महिनाभर थांबून पाहावं लागेल, तिखट किती उतरलंय ते त्यानंतर. तरी कलाबाईंना सांगितलं, ही पाच तिरक्या बोटांची असतील. त्या म्हणाल्या, "मंग मडक्यात जागा ठेवतो."

शुक्रवारी हा कोपरा सोडता येईल का, असं दयारामला मीच विचारलं. बाजारातलं त्याचं बोलणं आठवत होतं, तरी विचारलं. तो म्हणाला, "आता उकिरडा बी तुमचाच का वहिनी? ठीक हाय, तेवढा कोपरा सोडतो. शेळ्यांचं मात्र माह्या हातात नाई."

उद्या : कॉलेजला जाण्याआधी बाभळीच्या काट्या तोडून त्या कोपऱ्याला कुंपण करणे.